सिकेटरच्या होल्स्टरसाठी चामड्याचा बेल्ट-अडॅप्टर: पहिल्यांदाच चामडे हातात घेणाऱ्यांसाठी

दिंडोरी-निफाडकडे किंवा तासगावात छाटणीच्या दिवसांत कोणत्याही द्राक्षबागेत गेलात, तर सिकेटर (छाटणीची कात्री) तीन ठिकाणी दिसतो: हातात, पॅन्टच्या मागच्या खिशात, नाहीतर मांडवाच्या तारेला अडकवलेला. होल्स्टर, म्हणजे सिकेटर ठेवायची कमरेची म्यान, असते, पण घरी खुंटीला. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: "कमरेला बोचतं." हे खरेच आहे. विकत मिळणाऱ्या बहुतेक होल्स्टरची मागची पट्टी थेट कमरेच्या पट्ट्यात ओवायची असते. त्यामुळे सिकेटरच्या मुठी बरगडीपर्यंत वर येतात, काढताना कोपर खांद्याकडे उचलावे लागते, आणि उकिडवे बसले की मूठ पोटात रुतते.

उपाय साधा आहे. पट्टा आणि होल्स्टर यांच्या मध्ये चामड्याचा एक तुकडा घालायचा आणि होल्स्टर नऊ-साडेनऊ सेंटीमीटर खाली आणायचे. यालाच अडॅप्टर म्हणायचे. होल्स्टरला एकही भोक पडत नाही. उद्या होल्स्टर बदलले तरी अडॅप्टर तोच राहतो.

पुढची मापे साध्या हातसिकेटरसाठी आहेत, म्हणजे साधारण २४०-२५० ग्रॅम वजन आणि २१-२२ सेंटीमीटर लांबी. बॅटरीवरचा सिकेटर बराच जड असतो, त्याला या अडॅप्टरवर लटकवू नका. बंदुकीच्या होल्स्टरसाठीही हा आराखडा नाही. तिथे हत्यार धरून ठेवण्याचे गणित वेगळे असते.

१. आधी रचना समजून घ्या

अडॅप्टरचे दोन भाग आहेत.

पहिला भाग म्हणजे मुख्य पान. जाड चामड्याची एक उभी पट्टी वरून मागे दुमडायची आणि पट्ट्याच्या खाली शिवायची. दुमडीत जो पोकळ बोगदा तयार होतो त्यातून कमरेचा पट्टा जातो. पुढचा पदर खाली वाढत जाऊन रुंद होतो, त्या रुंद भागाला इथे पाटी म्हणू. पाटीला दोन उभ्या खाचा.

दुसरा भाग म्हणजे आडवी पट्टी. ती होल्स्टरच्या मागच्या पट्टीतून, जिथून एरवी कमरेचा पट्टा गेला असता तिथून, ओवायची. तिची दोन्ही टोके पाटीच्या खाचांतून मागे न्यायची आणि तिथे एकावर एक ठेवून स्क्रूने जोडायची. म्हणजे होल्स्टरच्या दृष्टीने ही आडवी पट्टीच कमरेचा पट्टा झाली.

नवशिक्यांची हमखास चूक इथेच होते. एकच उभी पट्टी खाली आणून होल्स्टरच्या लूपमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या पट्टीत, ओवता येईल असे त्यांना वाटते. येत नाही. तो लूप आडव्या पट्ट्यासाठी असतो, उभी पट्टी त्यात शिरली तरी होल्स्टर नव्वद अंशांत फिरून आडवे होते. चामडे कापल्यावर हे कळण्यापेक्षा आता कळलेले बरे.

२. चामडे: कोणते घ्यायचे, कोणते नाही

मुख्य पानासाठी ३ ते ३.५ मिमी जाडीचे, वनस्पतीजन्य पद्धतीने म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशा द्रव्यांनी कमावलेले चामडे हवे. म्हशीचे चालते, दाणा जरा भरड असतो इतकेच. आडव्या पट्टीला त्याच जातीचे पण २ मिमीचे. चामडे चौरस फुटावर विकले जाते. तुम्हाला एक चौरस फूटही लागत नाही, म्हणून पूर्ण कातडे न घेता कात्रण मागा. मुंबईत धारावीतली चामड्याची दुकाने आणि कोल्हापुरी चपला करणारे कारागीर हे कात्रणासाठी चांगले ठिकाण. चपलेच्या तळाचे चामडे मात्र कधीकधी फार ताठ असते. घेण्याआधी दुकानातच वाकवून बघा.

क्रोमने कमावलेले, पर्स किंवा सोफ्याचे मऊ चामडे या कामाला नको. ते ओले करून दुमडले तरी दुमड धरत नाही, कडा घासून गुळगुळीत होत नाहीत आणि वजनाने हळूहळू ताणले जाते. ओळखायचे असे: कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर-करडा असतो, वनस्पतीजन्य चामडे आरपार तपकिरी. दुसरी खूण, न रंगवलेल्या वरच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. वनस्पतीजन्य चामड्यात तो मुरतो आणि डाग गडद होतो.

कातड्याचा भागही महत्त्वाचा. पाठीकडचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे. तुकडा दोन्ही दिशांना ओढून बघा. ज्या दिशेला तो कमी ताणला जातो, ती दिशा अडॅप्टरमध्ये उभी आली पाहिजे, कारण वजन त्याच दिशेला लटकणार आहे. कात्रण वाचवायच्या नादात तुकडा आडवा काढला, तर दोन महिन्यांत बोगदा लांबट होतो आणि होल्स्टर डुलायला लागते.

३. सामान आणि हत्यारे

साहित्य:
- मुख्य पानासाठी चामडे, २४० × १०० मिमी, जाडी ३-३.५ मिमी
- आडव्या पट्टीसाठी चामडे, २०० × ३५ मिमी, जाडी २ मिमी
- मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, ०.८ मिमी, एक मीटर
- शिकागो स्क्रू (पोकळ दांडी आणि तिच्यात फिरणारा स्क्रू अशी जोडी) २, दांडी ४ मिमी लांब, पितळी
- रबरी चिकटद्रव्य (फेविबॉन्ड किंवा एसआर ९९८ सारखे)
- नमुन्यासाठी जाड पुठ्ठा

हत्यारे:
- कटर आणि नवी पाती, किंवा धार लावलेली रापी (चामडे कापायचे-छिलायचे रुंद पाते)
- स्टीलची पट्टी
- ४ मिमी अंतराचा शिवणीचा पंच. नसेल तर आरी
- ४ मिमी आणि ५ मिमी गोल भोकांचे पंच
- लाकडी किंवा नायलॉनची हातोडी
- बोथट टोकाच्या दोन सुया
- २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- कागद अडकवायचे मोठे चिमटे, चार-पाच

पंचावर लोखंडी हातोडी मारू नका, पंचाचे डोके पसरते. आणि ओल्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. चामड्यातले टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन काळे डाग पडतात. पडलाच तर ताजेपणी लिंबाच्या रसाने बराच निघतो, पण शिळा डाग राहतो. स्क्रू पितळेचे सांगितले ते याचसाठी. स्वस्तातले मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू घामाने गंजतात आणि भोकाभोवती काळे वर्तुळ येते.

४. मापे घ्या

तीनच मापे लागतात. ती स्वतःच्या पट्ट्यावरून आणि स्वतःच्या होल्स्टरवरून घ्या, या लेखातून नको. इथले आकडे उदाहरणाचे आहेत.

पट्ट्याची रुंदी आणि जाडी. समजा रुंदी ३८ मिमी, जाडी ४ मिमी. बोगद्याची उंची = रुंदी + जाडी + ३ मिमी = ४५ मिमी. जाडी मिळवायची कारण बोगदा सपाट असताना मोजलेली उंची पट्टा आत गेल्यावर कमी होते. चामड्याला पट्ट्याच्या कडेला वळसा घालावा लागतो. ३ मिमी ही सरकण्याची सूट. जाडी विसरून ३८ ला ४० केले, तर शिवण झाल्यावर पट्टा आत जातच नाही, आणि मग शिवण उसवण्याखेरीज मार्ग नाही. उलट दहा-बारा मिमी सूट ठेवली, तर चालताना होल्स्टर मांडीवर आपटते.

होल्स्टरच्या लूपची आडवी रुंदी, बाहेरून. समजा ४५ मिमी. खाचांमधले अंतर = ४५ + १३ = ५८ मिमी. हे अंतर कमी ठेवले तर आडवी पट्टी लूपच्या कडेवरच वळते आणि तिथली शिवण खाते.

होल्स्टरच्या लूपची आतली उंची. बहुतेक ठिकाणी ३८-४० मिमी. आडवी पट्टी त्यापेक्षा ३ ते ५ मिमी कमी, म्हणजे ३५ मिमी. खाचेची लांबी पट्टीपेक्षा २ मिमी जास्त, ३७ मिमी.

होल्स्टरला लूप नसून धातूची क्लिप असेल, तरी हाच आराखडा चालतो, क्लिप आडव्या पट्टीवर बसते. दोन बदल मात्र करा: आडवी पट्टी ३ मिमी जाडीची घ्या, आणि तिची रुंदी क्लिपच्या आतल्या उंचीइतकीच ठेवा. म्हणजे क्लिपचे खालचे नाक पट्टीच्या खालच्या कडेला अडकते. पट्टी अरुंद असली तर सिकेटर उपसताना होल्स्टरही हाताबरोबर वर येते. जाडी बदलली की स्क्रूची दांडीही बदलते, तेव्हा ४ ऐवजी ६ मिमीची.

५. पुठ्ठ्याचा नमुना

ही पायरी टाळू नका. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वेळ इथे जातो.

पुठ्ठ्यावर मधोमध एक उभी रेघ मारा आणि खालून वर मोजत आडव्या खुणा करा:

- ० ते ७० मिमी: पाटी, रुंदी ९५ मिमी
- ७० ते ८५: ९५ वरून ६० मिमी रुंदीकडे निमुळता भाग
- ८५ ते १०७: शिवणीचा भाग, पुढचा पदर
- १०७ ते १५२: बोगदा, पुढची बाजू
- १५२ ते १५७: दुमड
- १५७ ते २०२: बोगदा, मागची बाजू
- २०२ ते २२४: शिवणीचा भाग, मागचा पदर

दुमडीसाठी ५ मिमी वेगळे ठेवले आहेत, ते चामड्याच्या जाडीच्या दीडपट. जाड चामडे वळताना बाहेरची बाजू लांब रस्त्याने जाते, ही लांबी त्यात खर्च होते. ती धरली नाही तर दोन पदर जुळत नाहीत आणि मागचा पदर आखूड पडतो. दुमडीचा मध्य १५४.५ वर येतो, तिथून दोन्ही शिवणी सारख्याच अंतरावर आहेत ना, हे पुठ्ठा दुमडून तपासा.

खाचा पाटीच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे २९ मिमीवर. प्रत्येक खाचेच्या बाहेर कडेपर्यंत किमान १५ मिमी चामडे उरले पाहिजे, वर-खालीही तेवढेच. जिथे पाटी रुंद होते तिथला आतला कोपरा टोकदार ठेवू नका, फाटायला सुरुवात तिथूनच होते. दहा रुपयांचे नाणे ठेवून त्याच्या कडेने वळण आखा. बाहेरचे कोपरेही त्याच नाण्याने गोल करा, म्हणजे ते मांडीला टोचत नाहीत आणि वेलीच्या काडीत अडकत नाहीत.

आता पुठ्ठा कापा, दुमडा, स्टेपल मारा, पट्ट्यात घाला, दोऱ्याने होल्स्टर बांधा आणि कमरेला लावून बघा. उभे राहा, उकिडवे बसा, ट्रॅक्टरच्या सीटवर बसता तसे बसा, शिडीची एक पायरी चढा. हात सैल सोडला की तळवा सिकेटरच्या मुठीवर यायला हवा. खाली वाकावे लागत असेल तर निमुळत्या भागाची लांबी १५ वरून ५ मिमीवर आणा. मूठ अजून वर लागत असेल तर २५ पर्यंत वाढवा. त्यापलीकडे लांबवू नका, लोंबकळा जितका लांब तितके होल्स्टर चालताना झुलते.

६. कापणे

नमुना चामड्याच्या वरच्या, गुळगुळीत बाजूवर ठेवून बोथट टोच्याने रेघ ओढा. बॉलपेन वापरू नका, ती शाई पुढे घासूनही जात नाही. कटर एका झटक्यात आरपार काढायचा प्रयत्न करू नका. स्टीलची पट्टी घट्ट दाबून तीन-चार हलके हात फिरवा. एकाच जोरात कापताना पाते तिरके होते आणि खालची कड वरच्या कडेशी जुळत नाही. वळणांवर पाते नाही, चामडे फिरवा. खाली कापण्याचा मॅट नसेल तर जाड रबर किंवा पुठ्ठ्याचे थर घ्या. कडप्प्याच्या ओट्यावर पात्याची धार पहिल्याच रेघेत जाते, आणि बोथट पाते घसरून बोटावर येते.

खाचा अशा करा: आधी प्रत्येक खाचेच्या दोन्ही टोकांना ४ मिमीच्या पंचाने गोल भोक पाडा, मग दोन भोकांच्या कडा जोडणाऱ्या दोन समांतर रेघा कापा आणि मधली चिंधी काढून टाका. गोल भोकाशिवाय नुसती चीर दिली, तर सगळा ताण त्या टोकाच्या एका बिंदूवर येतो आणि चीर वाढत जाते. गोल टोकावर तोच ताण वाटला जातो. कापताना पाते भोकात येऊन थांबते, त्यामुळे ते पुढे घसरून पाटीही कापत नाही.

मागच्या पदराचे शेवटचे १२ मिमी आतल्या, खरबरीत बाजूने तिरके छिला, कडेला जाडी साधारण दीड मिमी राहील इतके. याने पॅन्टच्या बाजूला पायरी राहत नाही. रापीची सवय नसेल तर हे आधी कात्रणावर करून बघा. एकदम खोल गेले की पदर भोकसला जातो.

७. दुमड

कोरडे चामडे दुमडायचे नाही. वरचा पोत तडकतो, आणि ती तड नंतर कोणत्याही पॉलिशने बुजत नाही.

दुमडीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर भाग स्पंजने ओला करा. पाणी टपकेल इतके नको. मग थांबा. वरचा ओलसर चकाकता रंग जाऊन मूळ रंग परत यायला लागतो, पण हाताला चामडे थंड लागते, तो क्षण दुमडायचा. फार ओले असताना दुमडले तर चामडे दाबाने ताणून पातळ होते.

पट्ट्याच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे पट्ट्याचा रंग लागत नाही, आणि त्याच्याभोवती पान दुमडा. गुळगुळीत बाजू बाहेर, आखूड पदर मागे. दोन्ही पदर खाली नीट जुळवून चिमटे लावा. चिमट्याखाली कात्रणाचे तुकडे ठेवा, नाहीतर चिमट्याच्या दाताचे वण कायमचे उमटतात. रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलेले चामडे कडक आणि ठिसूळ होते.

दुमड सोपी व्हावी म्हणून आतून खोल खोबण काढण्याचा सल्ला कुठे वाचाल. पातळ पाकिटाला ते ठीक, इथे नको. सगळे वजन ज्या ओळीवर येते तीच ओळ आपण अर्धी कापून कशी चालेल?

८. चिकटवणे आणि शिवणे

शिवणीच्या २२ मिमी भागात दोन्ही पदरांच्या आतल्या बाजूंना चिकटद्रव्याचा पातळ थर द्या. बोगद्यात एक थेंबही जाऊ देऊ नका, तिथे मास्किंग टेप लावा. दहा-पंधरा मिनिटे थांबा, बोटाला चिकटेनासे झाले की पदर जुळवा आणि हातोडीने ठोका. हे द्रव्य लागल्यावर सरकवता येत नाही, त्यामुळे पट्टा बोगद्यात ठेवूनच पदर जुळवा.

शिवण चौकटीची करायची: कडेपासून ४ मिमी आत, म्हणजे ५२ × १४ मिमीचा आयत, एकूण १३२ मिमी. ४ मिमी अंतराने साधारण ३३ भोके. यातली वरची आडवी ओळ, बोगद्याला लागून असलेली, सर्वांत जास्त काम करते. होल्स्टर ओढले की दोन पदर तिथेच उकलायला बघतात. म्हणून तिच्या दोन्ही कोपऱ्यांवर टाका दुहेरी घ्या.

पंच दोन्ही पदरांतून जाताना साडेसहा मिमी जाडी पार करतो. तो जरा तिरका पडला तरी मागची ओळ नागमोडी येते. पंच समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून सरळ आहे ना ते बघून मगच हातोडी मारा. कोपऱ्यावर पहिले भोक आधी पाडा आणि अंतर दोन्ही कोपऱ्यांमध्ये वाटून घ्या. उरलेला अर्धा टाका कोपऱ्याजवळ आला की तिथले चामडे दोन भोकांमध्ये तुटते.

दोरा शिवणीच्या साडेचारपट, म्हणजे साठ सेंटीमीटर, अधिक सुयांसाठी पंधरा. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवा, पहिल्या भोकातून अर्धा दोरा काढा. आता प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. नियम एकच: डावी सुई नेहमी आधी, आणि उजवी सुई नेहमी डाव्या दोऱ्याच्या त्याच बाजूने. हा क्रम मध्येच बदलला की टाका उलटा वळतो आणि ओळीत तो लगेच दिसतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा जरा मागे ओढा, म्हणजे सुई दोऱ्यातून आरपार जात नाही. प्रत्येक टाका दोन्ही हातांनी सारखा ओढा, दोरा चामड्यात हलका रुतेल इतका. त्याहून जास्त ओढला तर तो भोकाची कड कापतो.

शिलाई मशीनचा टाका इथे का नको, तर त्यात वरचा आणि खालचा दोरा फक्त एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओळ सुटत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. शेवटी तीन टाके उलटे घ्या, दोरा दोन मिमी ठेवून कापा आणि लायटरने टोक वितळवून दाबा. सुती किंवा तागाचा दोरा वितळत नाही, जळतो.

९. कडा

२२० ने सुरुवात करून ६०० पर्यंत कडा घासा. दोन पदर जिथे शिवले आहेत तिथे त्यांची एकच कड वाटली पाहिजे. मग बोटाने पाणी किंवा बाभळीच्या डिंकाचे पातळ पाणी लावा आणि गुळगुळीत लाकडाने, जुन्या लाटण्याच्या टोकानेही चालेल, जोरात घासा. घर्षणाची ऊब लागली की कड चकाकते आणि घट्ट होते. खाचांच्या आतल्या कडाही विसरू नका, पॉलिश पेपरची पट्टी करून आतून ओढा. आडवी पट्टी तिथेच घासली जाणार आहे.

१०. आडवी पट्टी आणि जोडणी

पट्टी २०० मिमी कापली आहे, पण शेवटचे माप होल्स्टर लावूनच घ्यायचे. ती होल्स्टरच्या लूपमधून ओवा, दोन्ही टोके पुढून मागे खाचांतून काढा आणि मागे एकावर एक ठेवा. पाटी आणि होल्स्टर यांच्यात बोट शिरू नये इतकी ओढा. चाळीस मिमी एकमेकांवर ठेवून बाकीचे कापा. साधारण पावणेदोनशे मिमी उरेल.

त्या चाळीस मिमीत दोन भोके ५ मिमीच्या पंचाने, एकमेकांपासून २० मिमीवर. भोके दोन्ही पदरांतून एकदम पाडू नका. आधी वरच्या पदरात पाडा, पट्टी पुन्हा ताणून खालच्या पदरावर खूण करा आणि मग तिथे पाडा. पट्टी सैल पडण्याचे मुख्य कारण घाईने पाडलेले हे दुसरे भोक असते.

शिकागो स्क्रूची दांडी खालच्या पदरातून, पाटीच्या बाजूने, आधी बसवा. मग वरचा पदर तिच्यावर ओढून स्क्रू फिरवा. दोन पदर मिळून ४ मिमी, म्हणून दांडी ४ मिमीची. लांब दांडी घेतली तर स्क्रू पूर्ण आवळूनही पदर हलतात. स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या द्रव्याचा) थेंब द्या, नसेल तर नखपॉलिश. चालण्याच्या हादऱ्याने हे स्क्रू सुटतात, आणि बागेत गवतात पडलेला स्क्रू सापडत नाही.

११. बागेत नेण्याआधी

अडॅप्टर पट्ट्यात घालून पट्टा खुंटीला लावा आणि होल्स्टरच्या जागी एक लिटरच्या दोन भरलेल्या पाण्याच्या बाटल्या रात्रभर लटकवा. दोन किलो म्हणजे सिकेटरच्या आठपट. सकाळी तीन गोष्टी बघा: वरच्या शिवणीजवळ पदर उकललेत का, खाचेचे गोल टोक लांबट झाले का, बोगदा ४५ मिमीच आहे का. एक-दीड मिमी ताण ठीक. चार-पाच मिमी वाढला असेल तर चामडे पोटाकडचे आहे. ते रोजच्या वापराला देऊ नका, पुन्हा कापा. नमुना आता तयार आहे, दुसऱ्यांदा निम्मा वेळ लागतो.

लावताना अडॅप्टर नितंबाच्या हाडाच्या किंचित मागे घ्या. पुढे घेतलात तर उकिडवे बसताना सिकेटर मांडीवर आडवा येतो.

१२. फवारणी, औषधे आणि ओल

शेतातल्या वापरात ही बाब सर्वांत गंभीर आहे. चामडे रसायन शोषून धरून ठेवते आणि ते दिवसभर तुमच्या कमरेला लागून असते. गोडी छाटणीनंतर (द्राक्षाच्या फळछाटणीनंतर) काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, लावायचे हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग त्वचेला इजा करते. ते करताना होल्स्टर-अडॅप्टर अंगावर नकोच. फवारणीतही नको. औषध सांडलेच तर तो तुकडा धुऊन परत वापरू नका, धुण्याने आतले निघत नाही.

सांगोला, सटाण्याकडे डाळिंबाची छाटणी करताना तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या भीतीने सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात. ओला सिकेटर तसाच होल्स्टरमध्ये घातला तर ते द्रावण चामडे आणि दोरा दोन्ही खाते, स्टीललाही गंज आणते. आणि निर्जंतुक न करता घातला, तर रोगाचे जंतू होल्स्टरच्या आत राहतात आणि पुढच्या झाडाला जातात. म्हणून तेल्या असलेल्या बागेत चामड्याचे होल्स्टर नेऊच नका, धुता येईल असे प्लास्टिकचे घ्या. प्लास्टिकचे होल्स्टर या अडॅप्टरवरही चालते, फक्त हातातून टपकणारे द्रावण अडॅप्टरला लागते तिथे रोज पुसा.

साध्या घामासाठी आणि दवासाठी रंगहीन बूट पॉलिशचा पातळ हात महिन्यातून एकदा पुरतो. तेलात बुडवू नका. जास्त तेल प्यायलेले चामडे मऊ होऊन ताणते आणि पॅन्टला डाग पाडते. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने बाहेर, मोकळ्या हवेत पुसा, सावलीत वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता खुंटीला टांगा. छाटणीचा हंगाम सुरू होण्याआधी वरच्या शिवणीच्या ओळीवर एकदा नख फिरवून बघा. एखादा टाका नखाला लागून हलला, तर तेवढी ओळ त्याच भोकांतून पुन्हा शिवा.